यंत्राने श्री नाकारला

॥ श्री ॥

अंबापेठ, अमरावती
ता. १९ एप्रिल १९६७

चि. उद्धव यास हरिहरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

(आशीर्वाद वयाच्या हक्काने देतो आहे. वास्तविक तू मुंबईला गणकयंत्राच्या थंडगार खोलीत बसतोस आणि मी इथे वाळ्याच्या पडद्यामागे घाम पुसत कॉलेजच्या पोरांचे गणिताचे पेपर तपासतो, तेव्हा नमस्कार मीच करायला हवा. पण मावसभाऊ असलास तरी धाकटा आहेस, मावशीला कळले तर ती दोघांनाही झापेल.) वरचा श्री पाहून हसू नकोस. माझी त्याच्यावर श्रद्धा नाही हे तुला ठाऊकच आहे. तो हाताच्या सवयीने पडतो, पेन झटकल्यावर शाई पडावी तसा. तुझे पोट आता कसे आहे? मुंबईचे पाणी तुला सोसत नाही आणि ते सोडवत नाही, असे मावशी म्हणत होती. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी वहिनी सध्या गव्हाच्या चिकात कोपरापर्यंत बुडालेली असून गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे कुरडया. कावळे हाकलायला मला बसवले आहे. हे पत्र तिथेच बसून लिहितो आहे, मध्येच वाक्य तुटले तर कावळा आला असे समज.

पत्रास कारण आपले मंडळ. वऱ्हाड गणित-विज्ञान परिवर्धक मंडळ तुला आठवत असेल. तू इथे असताना त्याचे काम वर्षातून एक व्याख्यान आणि दोन अल्पोपाहार एवढेच होते. तेव्हा ते निरुपद्रवी होते. आता ते यंत्राच्या नादी लागले आहे आणि याला कारण तूच. तुमच्या मुंबईच्या यंत्रावर बाहेरगावच्या संस्थांची गणिते करून मिळतात, संस्थेच्या शिक्क्याने आणि अध्यक्षांच्या सहीने कागद पाठवा, असे तू कळवलेस आणि मंडळाच्या अंगात आले. अध्यक्ष अजून महादेवरावच आहेत. हेडमास्तरकीतून निवृत्त झाले, पण कान पिळण्याची सवय गेली नाही. (तुझा डावा कान उजव्यापेक्षा लांब आहे तो त्यांच्याच भूमितीमुळे.) चिटणीस मी, कारण माझे अक्षर चांगले आहे. दुसरी कोणतीही लायकी त्या जागेला लागत नाही.

आता कुंदाचे सांगतो. आपल्या भगवंतदादांची कुंदा अकोल्याला शेतकीचा अभ्यास करते हे तू जाणतोस. तिने तीन हंगाम वलगावला किसनरावांच्या काळ्या वावरात कापसाच्या जाती लावून, कोणाला शेणखत, कोणाला पेंड, कोणाला नुसतीच आशा घालून, झाडागणिक कापूस मोजला आहे. उन्हात फिरून पोरगी जांभळी झाली. आता त्या आकड्यांचे गणित करायचे आहे, आणि ते हाताने फिरवायच्या यंत्रावर केले तर पुढची संक्रांत उजाडेल. प्रबंध नागपूरला मेअखेर दाखल झाला पाहिजे. झाला तर तिला अकोल्यालाच संशोधनाची नोकरी ठरलेली आहे. नाही झाला तर दादांनी अंजनगाव सुर्जीचे स्थळ पक्के केले आहे, ज्येष्ठात बार. मुलगा वाईट नाही. पानमळे आहेत, आवाज मोठा आहे. पण कुंदाला तो नको आहे, तिला कापूस हवा आहे. आणि तुझ्या यंत्रापाशी जायचा तिचा रस्ता आमच्या मंडळाच्या शिक्क्यावरून जातो. एवढे लक्षात ठेव आणि पुढचे वाच.

पहिल्या खेपेला तिने फोर्ट्रान भाषेत यंत्राला द्यायच्या सूचना आखीव कागदांवर नीट लिहून महादेवरावांकडे सहीला दिल्या. त्यांनी कागद वर-खाली पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वर श्री नव्हता. कोणत्याही मराठी माणसाचा कागद, मग तो लग्नाचा असो की किराण्याचा, श्रीशिवाय कसा निघेल? त्यांनी स्वहस्ते पहिल्या ओळीत टपोरा श्री घातला आणि मग सही केली. तुमच्याकडे भोके पाडून कार्डे करणाऱ्या बाई फार प्रामाणिक असाव्यात. त्यांनी तो इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा पहिल्या कार्डावर उतरवला. यंत्राने ते कार्ड वाचले, हा काय हुकूम आहे मला समजत नाही असे छापले आणि बाकीच्या गठ्ठ्याला हात न लावता सगळे परत पाठवले. तीन आठवडे गेले. कागद रजिस्टरने आले तेव्हा महादेवरावांनी पाकीट फोडले, आतली ओळ वाचली, आणि यंत्राने श्री नाकारला ही बातमी संध्याकाळपर्यंत राजकमल चौकात पोचली. दोघे जण तर मला भेटून यंत्र रशियन आहे का विचारून गेले.

कुंदा अकोल्याहून धावत आली. तिने पुस्तक उघडून दाखवले की या भाषेत सोय आहे. ओळीच्या पहिल्या रकान्यात इंग्रजी सी घातला की पुढे काहीही लिहा, यंत्र अडत नाही. सी घाला, पुढे श्री घाला, संपले. मला वाटले, सुटलो. पण महादेवरावांनी विचारले, यंत्र मग त्या ओळीचे काय करते? कुंदा खरे बोलणारी. ती म्हणाली, काही नाही, ती ओळ ते वाचतच नाही, ती फक्त माणसांसाठी असते. झाले! श्री लिहायचा आणि तो यंत्राने ओलांडून जायचे? श्री म्हणजे काय समासातला शेरा आहे? त्यापेक्षा नाकारला तो बरा, निदान वाचून तरी नाकारला, असे ते म्हणाले. शेवटी तडजोड अशी निघाली की श्री पाकिटावर घालायचा. तसा घातला. पोस्टमनने तो वाचला असेल तर त्याचे कल्याण झाले असेल.

पण दुसऱ्या खेपेच्या आधी महादेवरावांनी कागद तपासायला घरी नेले. तपासले म्हणजे सुधारले. कुंदाने कापसाच्या आकड्याला एक्स असे नाव दिले होते. महादेवरावांना ते परकेपणाचे वाटले. कापसाला कापूस म्हणायची लाज का वाटावी? त्यांनी सगळीकडे एक्स खोडून रोमन लिपीत कापूस केले, शाळेतल्या लाल शाईने. आता या भाषेचा एक अगोचर नियम तुला सांगायला नको, पण कावळा उडेपर्यंत लिहितोच: ज्या नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांत येते त्याला यंत्र पूर्णांक समजते आणि त्याचे अपूर्णांक कापून फेकते. कापूस पडला के मध्ये. आणि एका झाडाला किलोभर कापूस येतो कुठे? पाव किलो, अर्धा किलो, जो काय होता तो सगळा यंत्राने झाडून टाकला. पुन्हा तीन आठवडे वाट पाहून उत्तर आले ते पानभर शून्य. उत्तर ऐकायला किसनराव वलगावहून मुद्दाम आले होते. त्यांच्या लेखी ही परीक्षा होती आणि त्यांचे वावर परीक्षेला बसले होते. शून्यांचे पान पाहून ते म्हणाले, "सारेच नापास? काहून बाप्पा? मी का वावरात गोटे पेरले होते?" त्यांची समजूत काढायला तुझ्या वहिनीला दोनदा चहा टाकावा लागला.

कोणी असे म्हणेल की चूक लाल शाईची होती. तसे मंडळात कोणीच म्हटले नाही. चूक भाषेची ठरली. आणि त्यात अगदीच खोटे होते असेही नाही. भाषा आहेच दरिद्री. सहा अक्षरांपलीकडे नाव चालत नाही, म्हणजे महादेवरावांचा महादे होतो. स्वल्पविराम हुकला की गठ्ठा परत. कापूस, ज्वारी, जवस, मूग, सगळे वऱ्हाडचे पीक नेमके पूर्णांकात सापडते आणि तूर, गहू, उडीद मात्र सुटतात. हा अन्याय कोणाच्या सोयीसाठी, असा लेख अकोल्याच्या रामराव वकिलांनी एका साप्ताहिकात लिहिला आणि भाषा मुळातूनच बदलून टाका अशी हाक दिली. बदलायची हाक अकोल्याने दिली म्हटल्यावर अमरावतीला सुधारणेची बाजू घेणे भागच होते. (अकोल्याने उद्या पूर्वेला पूर्व म्हटले तर आम्ही विचार करायला आठवडा मागू.) तेव्हा परिसंवाद ठेवला: यंत्राची भाषा सुधारावी की बदलावी? हॉल भरला होता. पंखे दोन होते आणि दोन्ही व्यासपीठावर.

महादेवराव सुधारणेच्या बाजूने बोलले. त्यांच्या मते भाषेची इमारत बरी आहे, फक्त वळण नाही. उदाहरणार्थ, या भाषेत यंत्राला अमुक ओळीवर जा असा हुकूम असतो, गो टू. दारातून निघणाऱ्याला आपण जा म्हणत नाही, या म्हणतो. तेव्हा गो टूच्या जागी जाऊन या असावे. कुंदाने उठून सांगितले, की गेलेले यंत्र परत येत नाही, पुढेच जाते. महादेवराव म्हणाले, मग त्याला पाठवताच कशाला? टाळ्या पडल्या. त्यांच्या सुधारणा कार्यवाहीसाठी मुंबईला कोणाकडे पाठवायच्या हे त्यांना विचारायचे राहून गेले. मला वाटते ती भाषा अमेरिकेत कोणीतरी केली आहे. महादेवराव त्यांना उद्देशून पोस्टकार्ड टाकणार आहेत.

मग रामराव उठले. काळा कोट घालून आले होते, एप्रिलमध्ये. त्यांनी नवी भाषाच करून आणली होती, यंत्रभारती. प्रत्येक काम श्रीने सुरू आणि शुभं भवतुने पूर्ण. थांब हा शब्द अशुभ, म्हणून आपण नारळ वाढवतो, दुकान वाढवतो तसे यंत्रही काम संपल्यावर वाढवावे. (कोणी विचारले नाही, पण मला व्यासपीठावरून दिसत होते की त्यांच्या भाषेत बेरीज वाढवणे आणि यंत्र वाढवणे शेजारीशेजारी बसले होते. बेरीज करता करता यंत्र बंद पडले असते.) खरी चकमक पुढेच झाली. यंत्राला तू म्हणावे की आपण? रामरावांच्या मते ते विद्वान आहे, तेव्हा गुणाकार करावा ही विनंती, असे लिहिले पाहिजे. अमरावतीच्या बाजूने प्रश्न आला की विनंती केली आणि त्याने नाही म्हटले तर? यावर अकोलेकर म्हणाले, अमरावतीच्या माणसाला विनंती करायची सवय नाही म्हणून ही शंका येते. मग जे झाले ते मी इतिवृत्तात चर्चा रंगली असे लिहिले आहे. किसनराव मागच्या रांगेत पंच्याने वारा घेत बसले होते. ते उभे राहून म्हणाले, "तुमची भाषा-गिषा तुमी पाहा बाप्पा. माहा कापूस पास झाला का नाई, थे सांगा मले." त्यांना विषयाला धरून बोलण्याची सूचना देण्यात आली.

या सबंध सभेत यंत्र पाहिलेला एकही इसम नव्हता. मला हे पुन्हा लिहावेसे वाटते: एकही इसम नव्हता. वऱ्हाडात ते नाही, येण्याचे चिन्ह नाही, आणि दोन जिल्हे त्याला हाक कशी मारायची यावरून भांडत होते. नाही म्हणायला व्यासपीठावर तू पाठवलेला फोटो होता. मंडळाने तो मोठा करून चौकटीत बसवला आहे. दसऱ्याला त्याची पूजा झाली, झेंडूचा हार अजून वाळलेला लटकतो आहे. तू मागून कळवलेस ना, की फोटोत तुझ्या पाठीमागे जे कपाट आहे ते खोली थंड करायचे यंत्र आहे आणि गणकयंत्र फोटो काढणाऱ्याच्या मागे होते? ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही. दसऱ्याच्या आरतीला मीही उभा होतो.

शेवटी ठराव झाला. भाषेचा प्रश्न निकालात निघेपर्यंत मंडळाच्या शिक्क्याने एकही कागद मुंबईला जाऊ नये. उपसमिती नेमली असून ती एकदा अमरावतीला, एकदा अकोल्याला बसेल, आणि मे महिन्यातली बैठक हवा बरी असते म्हणून चिखलदऱ्याला होईल. ठराव एकमताने पास झाला, दिवसभरात दोन्ही बाजूंचे तेवढ्याच गोष्टीवर एकमत होते. लिहिला मी, माझ्या चांगल्या अक्षरात. लिहून झाल्यावर मान वर केली तर समोर कुंदा बसलेली. मला त्या अक्षराची किळस आली, उद्धव. पोरीने तीन हंगाम मोजमाप केले, आणि तिचा रस्ता अडवायला मी शाई भरून दिली होती.

रात्री ती आमच्याकडेच जेवली. तुझ्या वहिनीने पानात शिजवलेल्या चिकाचा गोळा वाढला, तो तिने साखर घालून खाल्ला. मग तिथेच भिंतीला टेकून नवे आखीव कागद घेतले आणि सगळ्या सूचना पहिल्यापासून लिहायला बसली, कापसाचा पुन्हा एक्स करून. मी म्हटले, अगं, भाषा चांगली की वाईट हे तरी ठरू दे. ती मान वर न करता म्हणाली, "वाईटच आहे काका. महादेवराव सांगतात त्याहून वाईट आहे. मला पुढे जमलं तर मी स्वतः चांगली करीन. पण माझं काम आज हिच्यातच होतं." मी कंदिलाची वात वर केली, कारण अंबापेठेतले दिवे तेवढ्यात गेले होते.

असो. तर मंडळाचा चिटणीस या नात्याने तुला विचारणे आहे की, प्रत्यक्ष यंत्राच्या सहवासात राहणारा जाणकार म्हणून सदर भाषा सुधारावी की बदलावी, याबद्दल तुझे मत सविस्तर, तीन प्रतींत, उपसमितीकडे पाठवावे. घाई नाही. तुझे मत सुधारणेचे आले तर अकोलेकर तुला अमरावतीचा म्हणतील, बदलाचे आले तर महादेवराव तुझा दुसरा कान लांब करतील, आणि दोन्ही प्रसंगी ते फायलीत लावण्यात येईल. मावशीस साष्टांग नमस्कार. तब्येतीस जप, थंड खोलीतून एकदम उन्हात जाऊ नकोस. लोभ आहेच, तो मुंबईच्या दमट हवेतही टिकावा.

तुझा,
हरिहर

ता. क. पत्रासोबत पार्सलने कुरडयांचा डबा पाठवतो आहे. तुझ्या वहिनीने सांगितले आहे की तळताना तेल चांगले तापू दे, नाहीतर तिच्या नावाला बट्टा लागेल.

ता. क. २. कुरडया संपेपर्यंत थांबू नकोस. डबा मिळाल्याबरोबर उपडा कर. तळाशी केळीच्या पानाखाली कुंदाचे कागद आहेत. शिक्का नाही, सही नाही, ठरावाच्या सरळसरळ विरुद्ध आहे, आणि ठराव मीच लिहिलेला आहे. तुमच्याकडे यंत्र नीट चालते का हे पाहायला काही गठ्ठे चाचणीचे म्हणून घालतात असे तू सांगितले होतेस. त्यात हा एक घाल. वर मत मागितले ते एवढ्याचसाठी, मंडळात कोणी विचारले तर पत्र त्याबद्दलच होते असे सांगता यावे म्हणून. मत-बित नको मला. उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव, मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी, म्हणजे पोरगी प्रबंध बांधून नागपूरला वेळेत पोचेल. अंजनगावच्या पानमळ्यांना दुसरी कोणीतरी मिळेल.

ता. क. ३. अगदी वरच्या कागदावर पहिली ओळ तिच्या अक्षरात नाही, माझ्या अक्षरात आहे. ती झोपल्यावर मी लिहिली. पहिल्या रकान्यात सी आहे, पुढे श्री आहे. यंत्र तो वाचणार नाही हे मला समजते, तू समजावू नकोस. तुमच्या त्या प्रामाणिक बाईंना तेवढे कार्ड मात्र नीट पाडायला सांग, आणि गठ्ठ्यातून काढू नकोस.